सातबाऱ्यावरचा कोरा रकाना

मा. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख,
महाराष्ट्र राज्य, पुणे यांस



सातबारा हा महाराष्ट्रात सर्वांत जास्त हाताळला जाणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा कागद असावा. पीककर्जाला जोडायचा, जामीन राहताना लावायचा, वाटणीच्या भांडणात भावाच्या तोंडावर फेकायचा. माणूस त्यात आपले नाव शोधतो, क्षेत्र पाहतो, ‘इतर अधिकारां’त कुणाचा बोजा तर चढला नाही ना याची खात्री करतो आणि घडी घालून खिशात ठेवतो. या घाईत एक रकाना कुणाच्या नजरेत भरत नाही. गाव नमुना सातच्या वरच्या भागात, गट क्रमांक आणि भूधारणा पद्धतीच्या जवळच तो छापलेला असतो: ‘शेताचे स्थानिक नाव’. पुढे दोन टिंबे आणि पांढरा कागद. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक उताऱ्यांवर तिथे काहीच लिहिलेले नाही.

हे पत्र त्या पांढऱ्या जागेविषयी आहे. ती भरून घ्यावी, एवढीच मागणी.

आपल्या टेबलावर मोजणीची, पोटहिश्शांची, नोंदी फिरवल्याच्या तक्रारींची प्रकरणे ढिगाने असतात, हे कुठल्याही खातेदाराला ठाऊक आहे. त्या ढिगात शेतांच्या नावांचा विषय म्हणजे रिकामटेकड्याचा उद्योग वाटेल. पण हा रकाना मी काढलेला नाही, सरकारी नमुन्यातच तो आहे. नमुना ठरवणाऱ्या कुणा जाणत्या माणसाला शेताला आकड्याखेरीज नावही असते हे माहीत होते. त्या अनामिकाने मोकळी सोडलेली जागा आपण सगळ्यांनी मिळून मोकळीच ठेवली.

नाव आधी होते, आकडा नंतर आला. पेशवाईच्या दप्तरांत गावची जमीन ‘थळा’ने ओळखली जाई. अमक्याचे थळ, तमक्याचे थळ, आणि त्या सगळ्यांची यादी म्हणजे थळझाडा. इंग्रजी अमलाच्या पहिल्या काही वर्षांत साईक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा केली. त्याने नोंदवून ठेवलेली एक गोष्ट मोठी बोलकी आहे. थळ ज्या घराण्याच्या नावाने ओळखले जाई ते घराणे कधीच बुडालेले असे, जमीन भलत्याच्याच नांगराखाली असे, तरी नाव जुन्या घराण्याचेच चाले. वंश गेला, वहिवाट गेली, नाव काही हलले नाही.

मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली. त्याआधीची प्रिंगल या अधिकाऱ्याची आकारणी फसली होती आणि रयत टेकीला आली होती, त्यामुळे ही पद्धत पुष्कळच माणुसकीची ठरली, हे मान्य केले पाहिजे. तिच्यात शेताच्या कोपऱ्यांवर दगड रोवले गेले आणि प्रत्येक तुकड्याला कायमचा क्रमांक मिळाला. शेतकऱ्याने ‘सर्व्हे नंबर’ हा शब्द असा काही पचवला की ‘नंबर’ म्हणजेच शेत झाले: ‘आमचा खालचा नंबर ओढ्याला लागून हाय.’ पुढे १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. बांध मोडले, तुकडे जोडले, सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले, आणि जुन्या आकड्यांना चिकटून राहिलेली नावे तिथे गळाली. संगणकीकरणात तर प्रश्नच मिटला. जे वहीत नव्हते ते टंकणार कोण?

दप्तरातून गेलेले नाव शिवारातून मात्र गेलेले नाही. उद्या खुरपायला ‘गट नंबर २१२ मध्ये या’ असे कुणी मजूर बायांना सांगत नाही. ‘चिंचेच्या मळ्यात या’ असे सांगतात. बिबट्या दिसला, वीज पडली, कुणाला पान लागले, तर फोनवर नावच सांगितले जाते. गारपिटीच्या पंचनाम्याला आलेला नवा कर्मचारी आधी गट नंबर विचारतो, मग ‘म्हंजे कुठलं ते रान?’ असा उलटा प्रश्न ऐकतो, आणि शेवटी कोतवाल त्याला नावाने तिथे घेऊन जातो. सरकारचा कारभार आजही त्याच नावांवर चालतो, लिहिताना तेवढी ती वगळली जातात.

एखाद्या मध्यम आकाराच्या गावाच्या शिवारातून फिरा. मी फिरलो आहे, नावे विचारत. लंगडी म्हणजे तीन कोपऱ्यांचे शेत. पांढरी म्हणजे जिथे कधीकाळी वस्ती होती आणि नांगराला अजून खापरे लागतात ती जागा. जुन्या वसाहती शोधणाऱ्या पुरातत्त्ववाल्यांना हे नाव कानावर पडले की ते गाडी थांबवतात. म्हसोबाचा माळ, जिथे म्हसोबाचा शेंदूर लावलेला धोंडा आहे. जोगणीचा दरा. गुरवकी, म्हणजे देवळाच्या गुरवाला चाकरीबद्दल मिळालेली जमीन. काझीपट्टी, आणि गावात आज काझी आडनावाचे एकही घर नाही. ती जमीन कुणाकडून कुणाकडे गेली हे फेरफारांच्या जुन्या वह्या चाळल्यावर कळेल, पण चाळायची कशी याचा धागा नावानेच हाती दिला. नकाशावर हे सगळे ३१, ३२, ३३ असे आहे.

कोकणात गेलात की शब्दसंपदाच बदलते. तिथे वावर नाही, मळा आहे, कुणगा आहे, खाचर आहे, वरकस आहे, समुद्राकडेला खारी आहेत. उन्हाळी भाताला वायंगण म्हणतात, आणि सिंधुदुर्गात वायंगणी नावाचे गावच आहे. पीकपद्धतीने गावाचे बारसे केले.

हा भाषेचा प्रश्न महसूल खात्याकडे का आणतो आहे, असे कुणी विचारील. कारण महसूल खात्याचा कागद हीच मराठी मुलखातली सर्वांत बहुभाषिक वस्तू आहे. एक साधा पत्ता घ्या: मौजे वडगाव बुद्रुक, तालुका हवेली, जिल्हा पुणे. मौजे अरबीतून आले, तालुका आणि जिल्हाही. हवेली फारसीच्या दारातून आली. वड आणि गाव संस्कृत-प्राकृताच्या वाटेने आले. बुद्रुक म्हणजे फारसीतले ‘बुजुर्ग’, थोरले. त्याचा धाकटा भाऊ खुर्द. राहिले पुणे. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत ते ‘पुण्यविषय’ आणि ‘पूनकविषय’ असे येते. पाकिटावरची ही एक ओळ हजार-बाराशे वर्षांत टप्प्याटप्प्याने लिहिली गेली आहे, आणि ती लिहिणाऱ्यांत एकालाही दुसऱ्याची भाषा पुसावीशी वाटली नाही. तुमच्या हुद्द्याचेही तसेच. जमाबंदी तिकडची, आयुक्त इकडचे. खुद्द तलाठ्याचे नाव बदलून आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. लोक अजून तलाठीच म्हणतात.

जमिनीच्या कागदात नाव लिहिण्याची चालही आपल्याकडची जुनी. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. आपण कुठे काय दान दिले, याचा त्याने जवळजवळ उताराच कोरून ठेवला आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट नावा चालवल्या. यातली दमण म्हणजे दमणगंगा, आणि दाहनुका म्हटल्यावर डहाणू कुणाला आठवणार नाही? नानंगोल गावची नारळाची हजारो झाडे त्याने दान दिली, ते आजचे नारगोळ. सोर्पारग म्हणजे सोपारे. सत्ता किती आल्या नि गेल्या, ही नावे किनाऱ्यावर जागच्या जागी आहेत. गंमत पुढेच आहे. हा उषवदात शक, म्हणजे बाहेरून आलेल्यांपैकी. त्याचा सासरा क्षत्रप नहपान, नाव इराणी वळणाचे. आणि त्या नहपानाची मुलगी, उषवदाताची बायको, तिचे नाव दक्षमित्रा. एका पिढीत माणसांच्या नावांनी भाषा बदलली. जागांच्या नावांनी नाही. माणसाचे नाव बापाच्या हौसेवर ठरते. ओढ्याचे नाव ठरवायला गावाचे एकमत लागते आणि मोडायलाही.

कुणी म्हणेल, मग या नावांचे मूळ शोधून काढणारा मोठा कोशच करू या. करावा, पण आपल्या खात्याने त्यात पडू नये. आपल्याकडे व्युत्पत्तीचे वेड फार, आणि ते बहुतेक वेळा देवाधर्माच्या नाहीतर पुराणाच्या दारात जाऊन थांबते. नाशिक म्हणजे शूर्पणखेचे नाक. चिखलदरा म्हणजे कीचकाचा दरा, भीमाने त्याला जिथे मारले तो. सांगली म्हणजे सहा गल्ल्या. मुंबईचे इंग्रजी नाव पोर्तुगिजांच्या ‘चांगल्या उपसागरा’वरून आले, असे पुस्तकांतूनही ठोकून दिले जाई, पण ‘बाइया’ हा शब्द पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी आहे आणि त्याच्यामागे ‘बोम’ हे पुल्लिंगी विशेषण बसत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांएवढा नावांचा पिसाट शोधक मराठीत दुसरा झाला नाही, त्यांच्या कष्टांपुढे मान झुकते. पण त्यांचाही कल शब्द फिरवून फिरवून संस्कृतात नेऊन बसवण्याकडे असे. दक्षिण महाराष्ट्रात ते चालत नाही. सोलापूर हे सिद्धरामेश्वरांच्या काळी ‘सोन्नलिगे’ होते आणि पंढरपूर कन्नड लेखांत ‘पंडरगे’ असे येते. शिवारातल्या नावांत तर कन्नडचे प्रमाण किती निघेल हे मोजायला अजून कुणी बसलेच नाही. मोजायचे कशावरून? यादीच नाही.

गडचिरोलीत आणि मेळघाटात प्रश्न याहून नाजूक आहे. गोंडी द्रविड कुळातली, कोरकू मुंडा कुळातली. डोंगर, नाला, मोहाचे झाड, देव, सगळ्यांची नावे त्या भाषांत आहेत. गोंडी माणसाने उच्चारलेले नाव मराठी कारकुनाने आपल्या कानाने लिहिले, इंग्रजी नकाशाने ते रोमन लिपीत घेतले, आणि संगणकाने पुन्हा देवनागरीत आणले. या तीन उड्यांत नावाचे हातपाय मोडतात. मराठी नावांचीही यातून सुटका नाही. रोमन अक्षरांना ‘ळ’ माहीत नाही, ‘ण’ माहीत नाही. खडकीचे किर्की झाले ते साहेबाच्या जिभेने, आज धुळ्याचे धुले होते ते यंत्राच्या जिभेने. शीव स्थानकाचे इंग्रजी नाव वाचून बायबलातला डोंगर आठवणारे मी पाहिले आहेत. शीव म्हणजे गावाची हद्द, हे आपल्या खात्याला तरी सांगायला नको.

या बाबतीत मला गोव्यातले पोर्तुगीज कारकून फार आवडतात. धर्म, कर आणि इन्क्विझिशन या त्यांच्या उद्योगांबद्दल आवडण्यासारखे काही नाही, कानाबद्दल बोलतो आहे. पेडणे, सांगे, केपे या गावांची त्यांनी रोमन लिपीत जी स्पेलिंगे केली त्यांच्या शेवटी ‘एम’ अक्षर आहे. आजचा पर्यटक ते वाचून ‘पर्नेम’, ‘सांग्वेम’ म्हणतो. वास्तविक पोर्तुगीज लेखनात तो ‘एम’ अनुनासिकाची खूण आहे. पेडणें, सांगें, केपें. गावकरी नाकातून उच्चारीत होता, कारकुनाने ते ऐकले आणि आपल्या लिपीत जमेल तसे टिपले. आपण मराठीवाले पूर्वी पुणें, ठाणें असेच लिहीत होतो. १९६२ च्या लेखननियमांनी ते अनुस्वार गेले, आणि लिहिताना सोय झाली हेही खरे. पण नाकातला तो जुना स्वर आज सरकारी पाटीवर पाहायचा तर परक्या लिपीतला ‘एम’ पाहावा लागतो.

म्हणून माझी पहिली अट, मागणी करणाऱ्याला अट घालण्याचा अधिकार असेल तर: शेताचे नाव जसे ऐकू येईल तसे लिहावे. ‘चिच्चेचं वावर’ म्हटले तर ‘चिंचेचे शेत’ करू नये. गोंडी नाव मराठीत ‘अर्थ लावून’ लिहू नये. एका शेताला मालक एक नाव घेत असेल आणि शेजारी दुसरे, तर दोन्ही लिहावीत. शुद्धलेखनाचा आग्रह धरणारा माणूस या कामावर नेमूच नये, वाटल्यास त्याला बढती द्यावी.

हे जगात कुठे झाले आहे का, असा प्रश्न मंत्रालयात हमखास विचारला जातो. झाले आहे, आणि जमिनीच्या दप्तरातूनच झाले आहे. नॉर्वे हा देश १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होता, त्यामुळे तिथली शेतवाड्यांची नावे दप्तरात डॅनिश वळणाने लिहिलेली होती. पाद्री आणि कारकून एक लिहीत, शेतकरी दुसरेच बोलत. १८७८ मध्ये तिथल्या सरकारने जमीन-नोंदवहीतली ही नावे तपासायला एक समिती नेमली. तिच्यात ओलुफ रिग नावाचे पुरातत्त्वाचे प्राध्यापक होते. जमीन-महसुलाच्या त्या रुक्ष कामातून ‘नॉर्स्के गार्डनाव्ने’ हा शेतवाड्यांच्या नावांचा अनेक खंडांचा कोश उभा राहिला. १८९७ पासून तो छापला जाऊ लागला, रिग १८९९ मध्ये वारले, बाकीचे खंड इतरांनी पुरे केले. प्रत्येक वाडीचे आजचे नाव, लोकांच्या तोंडचा उच्चार आणि जुन्या कागदांत आलेली रूपे त्यात आहेत. आजही वाडीच्या नावावरून वाद झाला की तिथे हा कोश उघडतात. पुढे १९९० मध्ये त्यांनी स्थळनामांचा कायदा केला, आणि त्याचे मुख्य सूत्र असे की नावाचे लेखन वंशपरंपरेने चालत आलेल्या स्थानिक उच्चारावर बेतावे. उत्तरेकडच्या सामी लोकांच्या भाषेतली नावेही त्या कायद्याच्या कक्षेत आहेत.

आयर्लंडचे उदाहरण कडू-गोड आहे. आपल्याकडे इंदापूरला दगड रोवले जात होते त्याच सुमारास तिथे इंग्रजी सरकारची मोजणी चालू होती. नकाशावर नावे इंग्रजी वळणाने लिहायची होती. पण त्या कामावर जॉन ओ’डोनोव्हन नावाचा आयरिश जाणणारा विद्वान होता. तो गावोगाव फिरला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी उच्चारलेली मूळ नावे त्याने नामवह्यांत टिपली. नकाशावर इंग्रजी नाव गेले, वहीत आयरिश नाव राहिले. आज आयर्लंडला आपली मूळ नावे परत लावताना त्या वह्या कामी येतात. ती मोजणी पाहायला १८२९ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट मुद्दाम आयर्लंडला गेले होते आणि दुसऱ्याच वर्षी भारताचे महासर्वेक्षक झाले. साखळ्या, दुर्बिणी, हिशोबाच्या रीती इकडे आल्या. तशी नामवही आपल्या शेतांच्या वाट्याला आली नाही.

नॉर्वेची आणखी एक गोष्ट मराठी माणसाला घरची वाटेल. तिथला शेतकरी ज्या वाडीवर राहील तिचे नाव स्वतःला लावी, आणि वाडी बदलली की तेही बदले. १९२३ च्या कायद्याने प्रत्येकाला पक्के आडनाव घ्यावे लागले. आपल्याकडचे ‘कर’ असेच गावाला बांधलेले. बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, म्हणून शाळेत नाव लागले आंबडवेकर. त्याचे आंबेडकर पुढे झाले. बेने इस्राएल ज्यूंनी तर कोकणचा अर्धा नकाशा आडनावांत जपला आहे: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. मुंबईत १७९६ साली त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर आपल्या लोकांत समाजी हसाजी म्हणून ओळखले जात. सॅम्युएलचा समाजी, एझिकेलचा हसाजी, आणि दिवेकर दिवेआगरचे. मशीद बंदर स्थानकाचे नाव याच ज्यूंच्या ‘मशिदी’वरून पडले, असे सांगतात. इस्रायलमध्ये जाऊन राहिलेल्या कित्येक घरांच्या दारावर आज हिब्रू लिपीत रायगड जिल्ह्यातली गावे आहेत.

माणसांच्या नावांचा आणखी एक खजिना आपल्याच कपाटांत आहे, तो म्हणजे फेरफारांच्या जुन्या वह्या. ‘राणोजी बिन सटवोजी’, ‘धोंडू वल्द केरू’, ‘गंगाबाई कोम राणू’. बिन आणि वल्द अरबी, दोन्हीकडची नावे अस्सल मराठी. सटवोजी सटवाईचा. धोंडू, दगडू, केरू ही आधीची मुले दगावल्यावर ठेवलेली नावे. केरकचरा म्हटलेल्या पोराकडे मृत्यू ढुंकून पाहणार नाही, ही आईबापांची आशा. पिराजी पिराच्या नवसाचा. शहाजी, हैबतराव, सुलतानजी यांत फारसी-अरबीचा रुबाब, आणि चाकणचा किल्ला लढवणाऱ्या फिरंगोजीच्या नावात तर फिरंगीच शिरलेला. मुलींच्या बाबतीत मात्र नावाची आशा पुष्कळदा उलटी फिरली: नकोशी, नकुशा. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा मुलींची जाहीर समारंभात नवी नावे ठेवली गेली. ते योग्यच झाले.

इथे एक अवघड मुद्दा आहे आणि तो टाळून ही मागणी पुढे जाऊ नये. सगळीच नावे जपण्याच्या लायकीची नसतात. वस्त्यांना जातींची नावे असणे हा अपमान होता. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ती बदलण्याचा निर्णय घेतला, त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. ज्या नावाने हाक मारली की माणसाची मान खाली जाते, ते नाव पत्त्यावर नको. पण शेताच्या नावाचा न्याय थोडा वेगळा लागतो. ‘हाडकी’, ‘हाडवळा’ ही महार वतनाच्या जमिनींची नावे. राबवून घेण्याच्या बदल्यात दिलेला हा तुकडा म्हणजे गुलामीच, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ उजाडले. अशा जमिनी पुढे कुणाकुणाच्या ताब्यात गेल्या याच्या तक्रारी आपल्या खात्याला नव्या नाहीत. अशा ठिकाणी ‘हाडवळा’ हे नाव म्हणजे त्या जमिनीवर मूळ हक्क कुणाचा होता याचा जिवंत पुरावा आहे. तो पुसला तर फायदा कुणाचा होईल, हे सांगायला वकील नको. म्हणून अशी नावे उताऱ्याच्या दर्शनी भागावर छापायची की नाही, हे त्या समाजाला विचारून ग्रामसभेने ठरवावे. नोंद मात्र प्रत्येक नावाची व्हावी.

मोठ्या शहरांच्या नावांवरून महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत पुष्कळ दम खर्च केला आहे. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले, याचिका झाल्या, पाट्या रंगल्या. त्या वादात मी इथे उतरत नाही. एवढेच म्हणतो की शहराचे जुने नाव हजार पुस्तकांत सापडेल, ते मरत नाही. जोगणीच्या दऱ्याचे नाव चार म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे. मुले शहरात गेली, जमीन प्लॉट पाडून विकली गेली, कोपऱ्यावर ‘ग्रीन व्हॅली’ची कमान उभी राहिली, की पुढच्या पिढीला दरा आहे हेही कळणार नाही. कमानीजवळ झाड नसते, ते सोडा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आता कामाचे. यासाठी नवे खाते नको, महामंडळ नको, समिती तर मुळीच नको. २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीत स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या बांधावर उभा राहून पिकाचा फोटो चढवतो. गट क्रमांक त्याच्यासमोर असतो, जागा यंत्राला कळलेली असते. तिथेच एक प्रश्न वाढवावा: या शेताला तुम्ही काय म्हणता? लिहिता येत असेल त्याने लिहावे, नसेल त्याने बोलावे. पाच सेकंदांचा आवाज साठवायला आज काही लागत नाही, आणि गोंडी, कोरकू, भिल्ली, वारली नावांसाठी तर आवाजाइतकी खात्रीची लिपी नाही. गावोगावच्या शाळांतल्या मुलांना सुटीत शिवारफेरीला पाठवले तर ओढे, पाणंदी, डोह, टेकड्या यांची नावेही जमतील. आलेली यादी ग्रामसभेत एकदा मोठ्याने वाचावी. तिथे जी दुरुस्ती होईल तिच्या तोडीची छाननी कुठले विद्यापीठ करू शकणार नाही. मग ती यादी गावच्या नकाशासह सर्वांना खुली करावी. मूळ शोधणारे पुढे आपापल्या भाषा घेऊन येतील, त्यांचे भांडण त्यांना लखलाभ.

इंदापूर तालुक्यापासून सुरुवात करावी, असे सुचवतो. शेतांना क्रमांक देण्याचे काम तिथून सुरू झाले होते. येत्या खरिपाच्या पाहणीत तेवढा एक तालुका घ्या, आणि गावागावातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना आधी विचारा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक खातेदार